इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळ शोधायचं कसं? 'सॅलरी' हा एक शब्द घेऊन पायरी पायरीने

'सॅलरी हा शब्द मिठावरून आला, कारण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळायचं.' हे वाक्य फॉरवर्डमध्ये येतं, शाळेच्या भाषणात येतं, एचआरच्या प्रेझेंटेशनमध्ये पण येतं. यातला पहिला अर्धा भाग बरोबर आहे आणि दुसऱ्या अर्ध्याला आधार नाही. बहुतेक वेळा चूक अशीच होते, पूर्ण खोटं कोणी सांगत नाही, खऱ्या मुळाला एक छान गोष्ट चिकटवतात आणि मग दोन्ही एकत्रच फिरत राहतं. याचं कारण म्हणजे लोक उलट्या क्रमाने जातात, म्हणजे आधी गोष्ट वाचायची, मग त्या गोष्टीला जुळणारा लॅटिन शब्द शोधायचा आणि सापडला की झालं.

खाली बरोबर क्रम देतोय. पूर्ण उदाहरण सॅलरीचं आहे, मध्ये मध्ये दुसरे शब्द फक्त एखादा मुद्दा पटावा म्हणून. आणि क्रम महत्त्वाचा आहे, पाचवी पायरी तिसरीच्या आधी केलीत तर परत त्याच खड्ड्यात पडाल.

तयारी: बसण्याआधी काय लागतं

तीन गोष्टी हाताशी ठेवा. एक, तारखा देणारी इंग्रजी डिक्शनरी. ऑक्सफर्डची मोठी डिक्शनरी सगळ्यात चांगली पण तिला पैसे लागतात, तुमच्या कॉलेजच्या किंवा युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीचं लॉगिन असेल तर आधी ते चालतंय का बघा. नसेल तर एटिमऑनलाइन आणि मेरियम-वेबस्टर फुकट आहेत, दोन्ही मिळून काम भागतं. दोन, लॅटिन डिक्शनरी. १८७९ ची लुईस आणि शॉर्ट यांची डिक्शनरी टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या पर्सियस साइटवर पूर्ण उघडी आहे. तीन, कागद. खरंच कागद घ्या, कारण साखळी लिहिल्याशिवाय मधली गळालेली कडी दिसत नाही.

आता डिक्शनरीतल्या खुणा समजून घ्या, निम्मे लोक इथेच घसरतात. शब्दाच्या आधी * अशी चांदणी असेल तर तो शब्द कुठेही लिहिलेला सापडलेला नाही, अभ्यासकांनी नियमाने मागे जाऊन तो मांडलाय. < या खुणेचा अर्थ 'यातून आला'. 'प्रॉबेबली', 'परहॅप्स', 'अनसर्टन' हे शब्द दिसले की पेनाने गोल करा. हेच शब्द कॉपी करताना सगळ्यात आधी गळतात आणि मग 'कदाचित'चं 'नक्की' होतं.

पायरी १: शब्द नेमका कुठला ते ठरवा

सोपं वाटतं, नाहीये. देवनागरीत सॅलरी आणि सेलरी, म्हणजे पगार आणि ती सूपमध्ये घालतात ती हिरवी दांड्यांची भाजी, जवळजवळ सारखेच दिसतात आणि घाईत बोलताना सारखे ऐकू पण येतात. पण भाजीवाला सेलरी फ्रेंच-इटालियनमार्गे ग्रीक 'सेलिनोन'कडे जातो, त्याचा मिठाशी काही संबंध नाही.

अजून एक फसवी जोडी, पेन आणि पेन्सिल. पेन लॅटिन 'पेन्ना' मधून, म्हणजे पीस, कारण पूर्वी पिसाने लिहायचे. पेन्सिल मात्र 'पेनिकिल्लुस' मधून, म्हणजे छोटं शेपूट, त्यावरून बारीक ब्रश. दोघांचं मूळ वेगळं आहे, आणि पेनिसिलिन हे औषध पेन्सिलच्या बाजूचं आहे, पेनच्या नाही.

तपासणी: शब्दाचं इंग्रजी स्पेलिंग आणि कोणत्या अर्थाचं मूळ शोधताय हे कागदावर पहिल्या ओळीत लिहिलंय का? एकाच स्पेलिंगच्या दोन नोंदी डिक्शनरीत असतील तर नोंदीचा नंबर पण लिहा.

पायरी २: इंग्रजीतली पहिली नोंद बघा

शब्द इंग्रजीत कधी दिसला आणि तेव्हा त्याचा अर्थ काय होता, एवढंच. लॅटिनकडे अजून बघायचं नाही.

सॅलरीची पहिली नोंद वेगवेगळ्या डिक्शनऱ्यांत तेराव्या शतकाच्या शेवटापासून चौदाव्या शतकापर्यंत दिलेली दिसेल. अशा फरकाने घाबरू नका, कोणी कुठलं जुनं हस्तलिखित धरलंय यावर ते असतं, तुम्ही 'तेराव्या शतकाचा शेवट ते चौदावं शतक' असं लिहा. रूप आहे 'सालारी', अर्थ कामाचा मोबदला. म्हणजे शब्द इंग्रजीत आला तेव्हाच तो पैशाचा होता, इंग्रजीत मिठाचा वास कधीच नव्हता. ही नोंद जपून ठेवा, सहाव्या पायरीला लागेल.

सावधान: शब्द लॅटिनसारखा दिसतो म्हणून तो लॅटिन असतोच असं नाही. आयलंड मधला न बोलला जाणारा एस बघून बरेच जण त्याला लॅटिन 'इन्सुला'ला जोडतात. 'आइल' (isle, म्हणजे बेट) हा छोटा शब्द खरंच इन्सुलामधून आलाय, पण आयलंड अस्सल जुना इंग्रजी शब्द आहे, त्यात एस नव्हताच, तो नंतर आइलकडे बघून घुसवला. 'डेट' म्हणजे कर्ज, त्यातला बी पण असाच, फ्रेंचमधून शब्द आला तेव्हा बी नव्हता, पुढे शिकलेल्या लोकांनी लॅटिन 'डेबिटुम' आठवून तो घातला. तिथे मूळ लॅटिन आहे हे खरं, पण बी हा त्याचा पुरावा नाही.

पायरी ३: एका वेळी एकच पायरी मागे

इथे घाई केलीत की सगळं बिघडतं. इंग्रजीतून थेट रोममध्ये उडी मारायची नाही. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची काही शतकं कोर्टकचेरी, दरबार, कर, जमीन हे सगळं फ्रेंचमध्ये चाललं, त्यामुळे अशा व्यवहारातले लॅटिन शब्द बहुतेक फ्रेंचमधून गाळून आलेत. दुसरी लाट नंतरची, पंधराव्या सोळाव्या शतकापासून विद्वानांनी पुस्तकातून सरळ उचललेल्या शब्दांची.

दोन्ही लाटा ओळखायची एक खूण आहे. फ्रेंचमधून आलेला शब्द झिजलेला असतो, थेट आलेला जवळजवळ अख्खा. लॅटिन 'फ्रागिलिस' एकच, पण त्यातून फ्रेल पण आला आणि फ्रजाइल पण. 'सेकुरुस' मधून शुअर आणि सिक्युअर. 'कामेरा' मधून चेंबर आणि कॅमेरा. लॅटिनमध्ये 'का' असेल तिथे फ्रेंचमध्ये पुष्कळदा 'श' किंवा 'च' होतो, त्यामुळे चेंबरमधला च बघितला की हा फ्रेंच रस्त्याने आलाय हे कळतं.

सॅलरीचा रस्ता असा: आजचं सॅलरी < मध्ययुगीन इंग्रजी सालारी < इंग्लंडमधली फ्रेंच सालारी < लॅटिन सालारिउम.

तपासणी: प्रत्येक दोन कड्यांच्या मध्ये भाषेचं नाव लिहिलंय का? 'युरोपियन भाषेतून' असलं काही लिहिलं असेल तर ती पायरी झालेली नाही.

पायरी ४: लॅटिन शब्दाचं सामान्यरूप शोधा

इथे मराठी माणसाला खरं तर सोपं जायला पाहिजे. आपण 'पाऊस'ला प्रत्यय लावताना 'पाऊसला' म्हणत नाही, 'पावसाला' म्हणतो. लॅटिनचं तसंच. डिक्शनरीत पहिला शब्द असतो तो प्रथमेचा, पण नवे शब्द बनतात ते आतल्या रूपावरून, आणि ते कळतं षष्ठीच्या रूपात. म्हणून लॅटिन डिक्शनरी नेहमी दोन रूपं देते. 'रेक्स, रेगिस' म्हणजे राजा, आणि रीगल मधला ग रेगिसमधून येतो, रेक्समध्ये तो दिसत नाही. 'पेस, पेडिस' म्हणजे पाय, त्यावरून पेडल. 'नोमेन, नोमिनिस' म्हणजे नाव, त्यावरून नॉमिनी. नुसतं पहिलं रूप बघून 'जुळत नाही' म्हणून सोडून देणारे खूप बघितलेत.

क्रियापद असेल तर भूतकाळवाचक रूप बघा. 'विडेओ' म्हणजे मी बघतो, 'विसुस' म्हणजे बघितलेलं, म्हणून व्हिडिओ आणि व्हिजन एकाच घरातले.

उपसर्ग असेल तर संधी लक्षात ठेवा. आपल्याकडे सत् + जन चं सज्जन होतं, तसं लॅटिनमध्ये 'इन' चं पुढच्या अक्षराप्रमाणे इम, इल, इर होतं. इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर, तिन्हीकडे उपसर्ग एकच.

आता सॅलरी. 'साल, सालिस' म्हणजे मीठ. त्याला 'आरिउस' हा प्रत्यय लागला की 'मिठासंबंधी' असं विशेषण, 'सालारिउस'. त्याचं नपुंसकलिंगी रूप नाम म्हणून वापरलं की 'सालारिउम'. हाच साचा ऑनरेरियममध्ये आहे, 'होनोर' म्हणजे मान, त्यासंबंधीचं ते ऑनरेरियम, आपलं मानधन. आणि याच आरिउसचं इंग्रजीत शेवटी 'अरी' होतं, नोटरी आणि लायब्ररीचं शेपूट बघा. म्हणजे साल + आरिउम ही जोडणी पक्की आहे, एकटीदुकटी नाही. मिठाशी नातं खरं.

पायरी ५: आवाज नियमाने जुळतात का बघा

दोन शब्द कानाला सारखे वाटले एवढ्यावर काहीही ठरत नाही. बदल नियमाने व्हायला हवा, म्हणजे तोच बदल त्याच भाषेत दुसऱ्या शब्दांतही सापडला पाहिजे. सॅलरीत बदल फार थोडा आहे, म्हणून इथे 'पे' हा शब्द घेऊ, म्हणजे पैसे देणं.

पे < जुनी फ्रेंच 'पाइए' < लॅटिन 'पाकारे'. मधला क कुठे गेला असं कोणीही विचारेल. जुन्या फ्रेंचमध्ये दोन स्वरांच्या मधला क असा विरघळतो, 'प्रेकारी' म्हणजे विनवणी करणं, त्यातून इंग्रजी 'प्रे' आला, तिथेही क नाही. एक जोडीदार सापडला, ठीक. शक्य असेल तर दोन शोधा.

आणि आता आपल्या घरातलं उदाहरण. पोर्तुगीजमध्ये हाच मधला क विरघळत नाही, त्याचा ग होतो. लॅटिन 'लाकुस' म्हणजे तळं, पोर्तुगीज 'लागो'. लॅटिन 'आमिका' म्हणजे मैत्रीण, पोर्तुगीज 'आमिगा'. मग पाकारेचं काय होईल? 'पागार'. हाच आपला पगार. १५१० मध्ये पोर्तुगीज गोव्यात आले, पुढे त्यांच्या भाषेतले किती तरी शब्द कोकणी-मराठीत रुळले, त्यातला हा एक. म्हणजे पे आणि पगार ही खरी भावंडं आहेत, आणि पगार व सॅलरी अर्थाने सारखे असूनही मुळाने एकमेकांचे कोणी नाहीत. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण इथे कान आणि अर्थ दोन्ही फसवतात आणि फक्त नियम वाचवतो.

सावधान: लॅटिन सी हा क वाचा. पुढे ए किंवा इ असताना फ्रेंच किंवा इंग्रजी उच्चाराने स वाचलात तर 'डेकेम' (म्हणजे दहा) चा डेसेम होईल आणि पुढचं काहीच जुळणार नाही.

पायरी ६: अर्थाची साखळी, आणि गोष्ट तपासणं

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. रूप जुळलं, आवाज जुळला, पण 'मिठासंबंधी'पासून 'मोबदला' इथवर अर्थ कसा आला, हे सांगायला जुना लेखी पुरावा लागतो. गोष्ट कितीही पटण्यासारखी असली तरी पटणं हा पुरावा नाही.

लॅटिन डिक्शनरीत सालारिउम उघडा. लुईस आणि शॉर्टमध्येही 'सैनिकांना मिठासाठी दिलेले पैसे' असं स्पष्टीकरण दिसेल, आणि बरेच जण तिथेच थांबतात. थांबू नका, खाली दिलेले दाखले उघडा. हेच मुख्य काम आहे.

मिठाबद्दलचा दाखला थोरला प्लिनी या रोमन लेखकाचा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात जो गेला तोच. त्याच्या निसर्गविषयक ग्रंथाच्या ३१व्या खंडात मिठाबद्दल लिहिताना तो एवढंच म्हणतो की मीठ मानसन्मानाशी आणि सैन्यसेवेशीही जोडलेलं आहे आणि सालारिउम हे नाव त्यावरून पडलं. सैनिकांना मिठाच्या पिशव्या मिळायच्या असं तो म्हणत नाही.

बाकीचे दाखले सरळ पैशाचे आहेत. सुएटोनिउस हा चरित्रकार सांगतो की सम्राट नीरोने घरंदाज पण कंगाल झालेल्या सिनेटरांना वार्षिक सालारिउम बांधून दिला, काहींना ५ लाख सेस्टर्शिअस (रोमन नाणी). टॅसिटस हा इतिहासकार सांगतो की प्रांताधिकाऱ्याला रिवाजाने मिळणारा सालारिउम सम्राट डोमिशियनने आग्रिकोला या सेनापतीला दिला नाही. आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो सम्राट तिबेरिउसबद्दलचा दाखला, पुन्हा सुएटोनिउसचाच: प्रवासात आणि मोहिमांत सोबत असणाऱ्यांना तो सालारिउम कधी द्यायचा नाही, नुसतं खायला-प्यायला द्यायचा. म्हणजे लेखकाच्या डोक्यात सालारिउम एका बाजूला आणि शिधा दुसऱ्या बाजूला आहे. तो शिध्यातला जिन्नस असता तर हे वाक्यच उभं राहिलं नसतं.

मग सैनिकांचा पगार कोणता? त्याला शब्द होता 'स्टिपेन्डिउम', तोच आजचा स्टायपेंड. 'स्टिप्स' म्हणजे नाणं किंवा वर्गणी आणि 'पेन्डेरे' म्हणजे वजन करणं, त्यावरून पैसे मोजून देणं. पेन्शन पण याच पेन्डेरेचं. सम्राट ऑगस्टसच्या काळात लिजनमधल्या, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीतल्या, साध्या शिपायाला वर्षाला २२५ देनारिउस (चांदीची नाणी) मिळायचे, तीन हप्त्यांत, म्हणजे ९०० सेस्टर्शिअस. हे नाण्यात. वरच्या नीरोच्या सिनेटरांचा आकडा याच्याशेजारी ठेवून बघा, सालारिउम कोणत्या वर्गाचा शब्द होता ते लगेच कळेल.

तर निष्कर्ष कसा लिहायचा? 'सालारिउम हा शब्द साल म्हणजे मीठ यावरून बनला, हे पक्कं. तो नेमका कशामुळे मोबदल्यासाठी वापरात आला हे सांगणारा जुना पुरावा मिळत नाही. सैनिकांना मिठात पगार मिळायचा ही नंतरची समजूत.' तीन वाक्यं, तिन्ही वेगवेगळ्या वजनाची, ती एकात कोंबायची नाहीत.

ही तपासणी 'सिन्सिअर'वर करून बघा. 'सिने केरा' म्हणजे मेणाशिवाय, शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवायचे, प्रामाणिक शिल्पकाराची मूर्ती बिनमेणाची, ही गोष्ट मोटिव्हेशनल स्पीकर मंडळींना प्रिय आहे. पण लॅटिनमध्ये 'सिन्केरुस' हा अख्खा शब्द आहे, अर्थ शुद्ध, निर्भेळ, आणि डिक्शनऱ्या त्याची फोड मेणावरून करत नाहीत.

तपासणी: अर्थ बदलल्याच्या प्रत्येक टप्प्याला एक जुना लेखक किंवा नोंद आहे का? नसेल तिथे कागदावर प्रश्नचिन्ह टाका आणि ते प्रश्नचिन्ह शेवटच्या मजकुरातही राहू द्या.

पायरी ७: लॅटिनच्या मागे जायचं का, आणि संस्कृतचं काय

आपल्याकडे ही पायरी हमखास चुकते. डेंटल आणि दंत, नोमेन आणि नाम, हे बघून लगेच 'इंग्रजी संस्कृतमधून आली' असं लिहिलं जातं. डेंटल लॅटिन 'डेन्स, डेन्टिस' मधून आला. दंत आणि डेन्टिस ही भावंडं, दोघांचा पूर्वज त्याहून जुना आणि कुठे लिहिलेला नाही, म्हणून त्याला चांदणी लागते. एक दुसऱ्याचा बाप नाही.

तसंच जुने अस्सल इंग्रजी शब्दही लॅटिनमधून आलेले नाहीत, ते पण भावंडंच. 'सॉल्ट' हा लॅटिन सालमधून आला असं खूप जण लिहितात, ते चूक. सॉल्ट जुना जर्मॅनिक शब्द, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या स्वतःच्या कुळातला. सॅलड, सॉस, सॉसेज, सलामी मात्र सालच्याच वंशातले. ओळखायला एक नियम कामी येतो, लॅटिन प असेल तिथे अस्सल इंग्रजीत फ येतो आणि ड असेल तिथे ट: पेडिस आणि फूट, पिस्किस आणि फिश, डुओ आणि टू, डेकेम आणि टेन. प तसाच राहिला असेल, पेडलसारखा, तर शब्द बहुतेक नंतर उसना घेतलेला.

आणि नियमाला न जुमानता सारखे दिसणारे पण असतात. लॅटिन 'डिएस' म्हणजे दिवस आणि इंग्रजी 'डे', दिसायला जुळे, नातं शून्य, कारण ड चा ट व्हायला हवा होता. डिएसचं खरं नातं आपल्या 'दिवस'शी आहे. लॅटिन 'हाबेओ' आणि इंग्रजी 'हॅव' यांचंही नातं नाही.

साधं मूळ हवं असेल तर लॅटिनला थांबा. मागे गेलातच तर 'भावंड' आणि 'यातून आला' हे दोन शब्द वेगळे वापरा.

पायरी ८: स्वच्छ लिहून काढा

क्रम ठेवा: आजचा शब्द, पहिली नोंद, मधली भाषा, लॅटिन रूप त्याच्या फोडीसकट, अर्थाचा बदल पुराव्यासकट, आणि शेवटी वेगळ्या ओळीत प्रचलित गोष्ट व तिचं काय ते. गोल केलेले 'प्रॉबेबली' आता एकेक करून बघा, प्रत्येकासाठी मराठीत 'बहुधा' आलंय का? गोष्ट कधीही पहिल्या ओळीत घेऊ नका, वाचणारा तेवढीच उचलून पुढे पाठवतो.

सरावाला तीन शब्द देतो, घरातलेच. पाव: पोर्तुगीज 'पाँव' आणि लॅटिन 'पानिस' इथून सुरू करा, वाटेत 'कंपनी' भेटेल. चावी: लॅटिन 'क्लाविस' पर्यंत जा, क्ल चा च का झाला ते पाचव्या पायरीने सिद्ध करा, 'क्लामारे' वरून पोर्तुगीज 'शामार' (यातला श पूर्वी च होता) हा जोडीदार आहे. तिसरा लिलाव, हा पण पोर्तुगीजमधूनच आला, 'लेइलाँव', पण तिथून मागे गेलात की लॅटिन नाही, अरबी लागते. तिथे ओढूनताणून लॅटिन शब्द शोधायचा नाही, अरबी लिहायचं आणि पुढच्या शब्दाकडे वळायचं.